पुढच्याच्या बांधासमोर

पिकलेल्या केळीचा वास मला सोसत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. केळीच्या गावची बाई आणि केळीलाच नाक मुरडते, म्हणतात. पण ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना विचारा. आमच्याकडे घड हिरवाच उतरतो, हिरवाच गाडीत चढतो आणि हिरवाच उत्तरेकडे निघून जातो. पिकायचं काम तिकडे, कुठल्यातरी दूरच्या शहरात, बंद खोलीत. इथे बागेत, उभ्या झाडावर केळी पिकल्याचा वास आला तर समजावं की त्या बागेत कटाईवाले पोचलेच नाहीत.

यंदा श्रावण अर्धा सरला आणि तो वास पुन्हा आला. मी शेतातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा मोडत होते. पाऊस तासाभरापूर्वी उघडला होता, केळीच्या पानांवरून पाणी अजून टपटपत होतं. वारा पलीकडून, नानांच्या शेताकडून आला आणि वास घेऊन आला. ते शेत आता नानांचं नाही, पण आम्ही अजून तसंच म्हणतो. तिथे कुणी बाग लावलेली नाही. जुन्या खोडांची चुकार पिलं बांधाच्या कडेने आपली आपण वाढलीत, त्यांतल्याच एखाद्याला घड लागला असेल आणि पाखरांनी फोडला असेल. मी शेंगांचं सूप उचललं आणि आत जाऊन बसले. दार लावलं तरी वास येतच राहिला.

आमचं शेत नशिराबादच्या पुढे, डांबरी सडक सोडून आत. सडकेवरून वळलं की पहिलं शेत मधुकरभाऊंचं, दुसरं आमचं आणि शेवटचं सीतारामनानांचं. तिघांची मिळून एकच वाट. ती मधुकरभाऊंच्या शेतातून निघते, आमच्या शेताच्या कडेने जाते आणि नानांच्या बांधाशी संपते. काळी जमीन. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती पायातली चप्पल ओढून घेते. अशा मातीत वाट म्हणजे मुरूम. मुरूम आहे तोवर वाट आहे.

त्या मुरमाची आमच्याकडे एक रीत होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी तिघांनी मुरूम आणायचा. पण कुणी आपल्या बांधासमोर टाकायचा नाही, पुढच्याच्या बांधासमोर टाकायचा. मधुकरभाऊंनी आमच्यासमोर, आम्ही नानांसमोर, आणि नानांनी गाडी उलटी वळवून पार सडकेपाशी मधुकरभाऊंच्या समोर. लग्न होऊन आले तेव्हा मी नवी मास्तरीण होते आणि मला सगळ्यातलं कळतं अशी माझी समजूत होती. मी नानांना विचारलं, "ज्याचा त्याने आपल्यापुढे टाकला तर किती सोपं होईल? तुमच्या बैलांची उगाच एवढी रपेट."

नाना गाडीच्या साटीवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "आपल्यापुढे टाकला का बाई, मानूस आपल्यापुरताच टाकतो. दुसऱ्यापुढे टाकाचा म्हनला का थोडा टाकाले लाज वाटते."

मुरूम पसरून झाला की आमच्या बांधावरच्या निंबाखाली सगळे बसायचे. नानांच्या पत्नी लीलाअक्का आखाजीच्या सांजोऱ्या फडक्यात बांधून आणायच्या. मधुकरभाऊ वयाने आमच्या ह्यांच्याएवढे, दोघं एका वर्गात शिकलेले आणि एकाच वर्षी नापास झालेले. एकमेकांच्या मुरमाला नावं ठेवायचे. "ह्या दिनकरनं मुरूम आनला का माती आनली, इचारा बरं त्याले," असं मधुकरभाऊ म्हणायचे आणि आमचे हे त्यांच्या पाठीत गुद्दा घालायचे. ते दोघं आता एका लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसले तरी एक उठून दुसरीकडे जातो.

वाट नेमकी कुठे तुटली, याचा मी फार विचार केला आहे. निवृत्त बाईला वेळ बराच असतो. लोकांना वाटतं मधुकरभाऊंनी तोडली. मलाही तसंच वाटत होतं. पण सुरुवात झाली ती नानांचे बैल विकले गेले तेव्हा. नानांचं वय झालं होतं, पोरगी धुळ्याला दिलेली, मुलगा नाही. बैलांचं होईना म्हणून त्यांनी ते विकले. त्या आखाजीला मधुकरभाऊंच्या बांधासमोर मुरूम पडला नाही. पुढच्या आखाजीलाही नाही. आमच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉली उभी होती. नानांच्या वाटणीची एक खेप आपण मारावी, हे आमच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. नाना तोंडाने मागतील तेव्हा देऊ, असं आम्ही ठरवलं. नाना मागणारे नव्हते.

आणि मधुकरभाऊंचं दुखणं खरं होतं, हे मला आज कळतं. आमच्या गाड्या, नानांच्या गाड्या, खताच्या, कटाईच्या, सगळ्या त्यांच्या शेतातून जाणार. कडेच्या ओळीतल्या घडांना घासणार, पानं फाडणार, धुरळा उडवणार. जमीन गेलेली त्यांची एकट्याची. तिसऱ्या आखाजीला त्यांनी ट्रॉली भरून आणली आणि आमच्यासमोर न टाकता स्वतःच्या बांधासमोर रिकामी केली. ह्यांनी लांबून पाहिलं. मग आमची ट्रॉली आमच्याच बांधासमोर उलटवली. नानांसमोर त्या वर्षी काहीच पडलं नाही. सांजोऱ्यांचं फडकं घेऊन लीलाअक्का निंबाखाली आल्या होत्या. थोडा वेळ बसल्या आणि परत गेल्या.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. मधुकरभाऊ दर नांगरटीला वाटेतला एकेक तास, नांगराची एकेक रेघ, आत घेऊ लागले. मग त्यांनी बागेतलं पाणी काढायला वाटेवर आडवी चारी खोदली. गुडघाभर खोल असेल. चार घमेली मुरूम आणि एक सिमेंटचा नळा टाकला असता तर भागलं असतं. पण ह्यांनी जाऊन म्हणायचं कसं? ह्यांचा ताठा आणि मधुकरभाऊंचा ताठा सारख्याच मापाचा.

तेव्हा मी तहसीलदारांना अर्ज लिहिला.

तीस वर्षं मी पोरांना अर्जलेखन शिकवलं. उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे प्रति, मध्ये विषय. माझ्या अक्षराचं गावात कौतुक होतं, ग्रामसभेचे ठराव माझ्याकडून लिहून न्यायचे. त्या दुपारी मी दोन पानं लिहिली आणि खरं सांगते, लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. एक खाडाखोड नाही. अर्ज नानांच्या नावाने केला, कारण नानांचं शेत शेवटचं, त्यांची बाजू सगळ्यात भक्कम दिसेल, असं मीच सुचवलं.

सहीला नानांकडे गेले तेव्हा ते बागेत होते. त्यांची मृगबाग, मृगात लावलेली केळी, त्या वर्षी अशी आली होती की रस्त्याने जाणारा थांबून बघेल. घड भरायला आले होते, खोडाला बांबूचा टेकू दिलेला, पंधरा-वीस दिवसांत कटाई. त्यांनी बंडीचा खिसा चाचपला, चष्मा नव्हता. कागद हातात धरून म्हणाले, "मधुकरले एकडाव इचारू ना आपुन. मी इचारतो."

"नाना, विचारायचे दिवस गेले," मी म्हणाले. "आता कागदच बोलेल. आठ दिवसांत साहेब येतील, बघा तुम्ही."

त्यांनी न वाचताच सही केली. मी अर्ज चांगला लिहिला आहे यावर त्यांचा विश्वास होता.

साहेब आठ दिवसांत आले नाहीत. मधुकरभाऊंच्या हातात नोटीस मात्र आठ दिवसांत पडली. ते थेट आमच्या अंगणात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओट्यावर चढले नाहीत. खाली चिखलात उभे राहिले, नोटिशीची घडी दोन बोटांत धरलेली. हे घरात नव्हते.

"बाई, हे अक्षर तुमचं नही, पन भाषा तुमची हाये," ते म्हणाले. त्यांच्या मुलाला मी चौथीत शिकवलं होतं. "सीतारामनानाले येवढं लिव्हता येत नही. दोन साल माह्या बांधापुढे कोन्ही मुरूम टाकला नही. मी कोन्हाले कागद पाठोला का? मीच आनला, मीच टाकला. मंग माह्यं काय चुकलं?"

मी म्हणाले, "भाऊ, हे आता ऑफिसात बोला."

असं मी म्हणाले. वर्गात शांत बसा म्हणावं तितक्या सहज म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, नोटीस खिशात घातली आणि गेले. संध्याकाळी त्यांच्या शेतात जेसीबीचा आवाज सुरू झाला. सकाळी पाहिलं तर चारी राहिली नव्हती, माणूस उभा बुडेल असा चर झाला होता आणि त्याच्या पलीकडे तारेचं कुंपण.

साहेब आले तेव्हा सोबत नकाशा होता. छत्रीखाली उलगडून त्यांनी तो तळहाताने सपाट केला. नकाशात तिन्ही शेतं होती, नाला होता, विहिरीची खूणसुद्धा होती. वाट नव्हती. पूर्वजांनी ती तोंडी दिली होती आणि मुरमावर चालवली होती. वहिवाट सिद्ध करावी लागेल, साक्षीपुरावा होईल, तारीख कळवू, असं सांगून साहेब बुटांचा चिखल दगडावर घासून निघून गेले. नाना नकाशाकडे वाकून बघतच राहिले होते. "म्हनजे आपुन येवढे साल कुठून जात होतो?" त्यांनी मला विचारलं.

तो श्रावण मी विसरू शकत नाही. एरवी कटाईचा मोसम म्हणजे शिवारभर आरडाओरडा. मजुरांच्या खांद्यावर घड, पाठीवर पोत्याची गुंडाळी, चिकाने काळे पडलेले कपडे, गाडीत पानं अंथरून घड रचणाऱ्यांची घाई. केळीला दम नसतो. कापूस चार दिवस बोंडात थांबतो, ज्वारी कणसात थांबते. भरलेला घड थांबत नाही. आमची बागही भरली होती. आमच्या शेताच्या मागच्या अंगाला नाला आहे, त्याच्या पलीकडे दुसऱ्या गावाची सडक. ह्यांनी नाल्यात दगड, पोती टाकून ट्रॅक्टरपुरता उतार केला. तेवढ्यावर आमची कटाई मागच्या बाजूने सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी नाना आले. नानांच्या शेतापासून त्या उतारापर्यंत जायचं तर मध्ये आमची बाग. ट्रॅक्टर न्यायला दोन ओळी तोडाव्या लागणार होत्या, त्याही न उतरवलेल्या घडांसकट. नाना ओट्याच्या पायरीवर बसले. चहा हातात तसाच धरून होते.

"दिनकर, दोन ओयी दे मले," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी आमच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. "मी पुढच्या साली भरून देईन तुह्या ओयी. केयी थांबत नही रे."

हे खाली बघत होते. म्हणाले, "नाना, नही म्हनत नही मी. पन आधी आपली कटाई होऊ द्या. चार दिवस. मंग तोडू दोन ओयी."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझ्या अर्जाने मधुकरभाऊ बिथरले, माझ्या अर्जाने चर पडला, हे मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. आत्ताच तोडा, असं मी म्हणाले असते तर ह्यांनी ऐकलं असतं. ते माझं ऐकतात. मी म्हणाले, "नाना, चहा निवतोय."

चार दिवसांत आमची कटाई झाली. पाचव्या दिवशी ह्यांनी विळा घेतला, खरोखरच घेतला, दोन ओळी तोडायला निघाले. पण आदल्या दिवसापासून वरच्या अंगाला पाऊस लागला होता. नाला आला आणि दगड, पोती, उतार सगळं घेऊन गेला. पुढे तीन आठवडे तो उतरला नाही. व्यापाऱ्याचा माणूस चरापर्यंत येऊन गेला. डोक्यावरून एवढा माल एवढ्या चिखलातून काढायला मजूर तयार होईनात.

आणि मग वास सुरू झाला. आधी थोडासा, पहाटेच्या गारव्यात, चांगलाच वाटावा असा. मग दिवसभर. मग आंबूस. नानांची बाग टोकापासून पिवळी होत आली. पोपटांचे थवे उतरले, माश्यांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. घड पिकून जड झाले आणि टेकूसकट मोडून पडायला लागले. पावसाच्या आवाजात मध्येच धप्प असा आवाज यायचा. आम्ही जेवत असलो तर हे घास हातात धरून थांबायचे.

एका दुपारी लीलाअक्का चिखल तुडवत आल्या. टोपलीत पिवळ्याधमक फण्या. माझ्यासमोर टोपली ठेवून म्हणाल्या, "खाय व बाई. तेवढीच वाया जायची वाचतीन."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सोसला असता. माझ्यासाठी त्यांनी चांगल्या चांगल्या निवडून आणल्या होत्या. त्या समोर बसल्या होत्या म्हणून मी एक सोलली. गोड होती. तशी गोड केळी मी जन्मात खाल्ली नव्हती आणि त्यानंतर मी केळीला तोंड लावलेलं नाही.

दिवाळीनंतर नानांनी शेत विकायचं काढलं. वाट नसलेलं शेत कोण घेणार? ज्याला वाट लागत नाही तोच. बांधाला बांध आमचा. नाना स्वतःच आले, म्हणाले, "तुमीच घ्या. दुसरा कोन्ही घेईल त्याले मधुकर त्रास देईन." आम्ही घेतलं, पण तिथे अजून काही लावलेलं नाही. नको म्हणायला हवं होतं का? कितीदा तरी मी स्वतःला विचारते. आम्ही नको म्हटलं असतं तर नानांचं काय झालं असतं, हे उत्तर तयार असतं माझ्याकडे, आणि ते खोटंही नाही. पण गावाने जे म्हणायचं ते म्हटलं. मधुकरभाऊ बाजारात भेटले. भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "अर्ज चांगला लागला बाई तुम्हाले." मी मान खाली घालून पुढे गेले.

नाना आणि अक्का धुळ्याला लेकीकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर घर. नाना गॅलरीत बसून खालचा रस्ता बघतात, असं लेक सांगते.

या वर्षी आखाजीच्या थोडं आधी निकाल लागला. कोतवाल हुकूम घेऊन आला. अर्जदार सीताराम यांच्या शेतात जाण्यासाठी वहिवाटीचा रस्ता खुला करण्यात यावा. बंदोबस्तात चर बुजवला, कुंपण काढलं, पंचनामा झाला. मधुकरभाऊ लांब विहिरीच्या काठावर पाठ करून उभे होते. आता वाट आहे. कागदावर आहे, जमिनीवर आहे, पूर्वी नव्हती तेवढी रुंद आहे. ज्या शेतासाठी खुली झाली तिथे जाणारं कुणी उरलेलं नाही. मी सगळा रस्ता एकदा चालून आले, नानांच्या बांधापर्यंत. तिथे उभं राहून रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

संध्याकाळी नानांना फोन केला. त्यांना ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. "नाना, वाट सुटली. तुमच्या नावाने सुटली."

नाना म्हणाले, "आखाजी आली ना व?"

"हो नाना, परवा."

"मंग मधुकरच्या बांधापुढे मुरूम टाकून देजो. तो माह्या वाटनीचा हाये. बैल गेले तवापासून राह्यला. आता ते वावर तुमचं, म्हनजे तुमच्या वाटनीचा झाला."

मी हो म्हणाले. ह्यांनाही सांगितलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी हे उठून गेले आणि ट्रॉली भरून मुरूम घेऊन आले. चांगला, लाल, खडेदार. मला वाटलं, जातील. ट्रॅक्टर वळवून सडकेकडे तोंड केलं, थोडा वेळ चालू ठेवला. मग बंद केला, उतरले आणि हातपाय धुऊन घरात आले. मी विचारलं नाही. त्यांना काय वाटलं असेल ते मला माहीत होतं. मधुकरभाऊ लाथ मारतील, हसतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत. कुंपण पोलिसांकडून काढवल्यावर मुरूम घेऊन कोणत्या तोंडाने जायचं? दुसऱ्या कुठे टाकावा तर तेही जमत नव्हतं. आमच्या पुढचा बांध नानांचा, आणि तो आता आमचाच.

ट्रॉली अजून तशीच सोडून ठेवली आहे, निंबाखाली, सडकेकडे तोंड करून. पावसाने मुरूम दबून बसलाय आणि या श्रावणात त्याच्यावर हातभर गवत उगवलंय. काल ह्यांनी त्यातलंच थोडं कापून गायीला घातलं.